बेदाण्याच्या खोक्यांची भिंत

पुस्तकात ती भिंत साडेतीन ओळींची आहे.
चौथीच्या निम्म्यात पडतेसुद्धा,
आणि खाली लगेच स्वाध्याय : रिकाम्या जागा भरा.

म्हटलं, नववी ब, यंदा तक्ते नकोत.
थर्माकोलचा ज्वालामुखी विज्ञानवाल्यांना लखलाभ.
जगाचा इतिहास सावळजात करून दाखवा,
मार्च संपायच्या आत.

धैर्यशीलनं खापरपणजोबांचं बसऱ्याहून आलेलं पत्र आणलं.
मोडीतलं. वर्गात कुणालाच वाचता येईना, मलाही.
मग त्यानं ते नुसतंच हातोहात फिरवलं,
घडीवर फाटू नये म्हणून प्रत्येकाच्या हाताखाली हात धरून.
मी दहापैकी नऊ दिले.

भिंत प्रणोतीची कल्पना.
तिच्या घरच्या शेडवरून
पंधरा किलोची कोरी खोकी, दोनशे दहा,
ट्रॉलीतून आली, गंधकाचा वास घेऊन.
खरी भिंत रात्रीत उभी राहिली होती म्हणून
यांनीही शनिवारी शाळा सुटल्यावर रचली.
सोमवारी आम्ही आलो तो वर्ग दोन झालेला.

पंखा पश्चिमेला गेला, पाण्याचा माठ पूर्वेला.
फळा मधोमध चिरला : मी 'महायुद्ध' लिहिलं
तर एकीकडे 'महा' आणि दुसरीकडे 'युद्ध'.
पहारा हैबतला दिला,
तो तसाही वर्गात बहुतेक उभाच असतो.

पहिला दिवस हसण्यात गेला.
निलोफर आणि सुगंधा पहिलीपासून एका बाकावर;
भाकरी एकीची, खर्डा दुसरीचा.
त्या दिवशी एकीनं कोरडी भाकरी खाल्ली
आणि दुसरीनं बोट चाटत डबा मिटला.

बुधवारी मात्र पंख्याखालची पोरं म्हणाली, 'ते पलीकडचे.'
हे मी शिकवलं नव्हतं.
माठाकडच्यांनी तांब्या लपवला.
हेही नाही.
हैबतनं वहीत नावं लिहायला घेतली,
कोण कुणाशी खोक्यांवरून बोललं,
आणि त्याचं अक्षर, जे वर्षभर मला लागलं नाही,
त्या पानावर सुरेख होतं.
थांबवायला हवं होतं मी.
हातात खडू तसाच,
तास संपेपर्यंत.

गुरुवारी तिसऱ्या थरात एक भोक दिसलं,
कर्कटकानं पाडलेलं, मग बोटानं मोठं केलेलं.
त्याच्या कडेला लाल खर्ड्याचा डाग.
मी हैबतकडे पाहिलं.
तो हलला, आणि पाठ टेकून
बरोब्बर त्या भोकासमोर उभा राहिला.
माझ्यापासून लपवत होता
की त्याची वाट अडवत होता,
हे मी विचारलं नाही. वही मात्र
त्या दिवशी कोरी आली.

शुक्रवारी समारंभानं पाडायची ठरली होती.
मुख्याध्यापक येणार होते,
सुताराकडून हातोडाही आणलेला.
पण गुरुवारीच संध्याकाळी प्रणोतीचे वडील दारात,
चपला काढू की नको अशा बेतात :
'सर, खोकी लागत्यात वो.
उद्या तासगावला सौदा हाय, रातीत माल भराय पायजे.'

मग घोषणा नाहीत, भाषण नाही.
दोन्हीकडची पोरं एका रांगेत,
खोकं या हातातून त्या हातात,
वर्गातून व्हरांडा, व्हरांड्यातून ट्रॉली,
वीस मिनिटांत बर्लिन रिकामं.
तांब्या कपाटामागं सापडला.

एक खोकं त्यांनी परत दिलं.
'ह्याला भोक हाय. माल गळंल.'
ते माझ्या टेबलावर आहे, त्यात चाचणीचे पेपर ठेवतो.
गुण कुणाला किती द्यायचे
हे अजून ठरलेलं नाही.

फरशीवर खडूची रेघ होती, भिंतीच्या पायाची.
शिपाईमामांनी दोनदा पुसली, गेली.
तरी सुगंधा बाकाकडे जाताना
तिथं आली की
पाय जरा उचलून टाकते.